कोल्हापूरची रात्र, रत्नागिरीची पहाट : एका तानपुऱ्याच्या प्रवासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा संच पुण्याचा. नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं आणि सुरुवातीला एखादा राग, असा साधारण तीन तासांचा कार्यक्रम आम्ही करतो. माणसं नऊ : गाणारे बुवा आणि ताई, पेटी, तबला, पखवाज, साइड रिदम, कीबोर्ड, निवेदिका आणि मी. मी मागे बसून तानपुरा धरते आणि संचाचं सगळं नियोजनही बघते. गाडी, जेवण, मुक्काम, आयोजकांशी बोलणं आणि वाद्यांची ने-आण हे माझ्याकडे. या प्रकरणात जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या निर्णयांमुळे चुकलं, म्हणून ते मीच लिहिते आहे. माणसांची, सभागृहांची आणि मंडळांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

त्या दिवाळीत आम्हाला दोन तारखा लागून मिळाल्या होत्या. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कोल्हापूर आणि दुसऱ्या दिवशी, नरक चतुर्दशीला, पहाटे साडेपाचला रत्नागिरी. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम वर्षातून चार-पाच दिवसांतच होतात आणि आमच्यासारख्या लहान संचांची वर्षाची बरीचशी कमाई त्या दिवसांत होते. कोल्हापूर ते रत्नागिरी मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली असं साधारण १३० किलोमीटर. कागदावर हे जमत होतं. साडेनऊला कार्यक्रम संपणार, साडेदहाला निघणार, अडीचपर्यंत पोचणार आणि दोन तास पाठ टेकणार.

वाद्यांचे नग बारा होते. तानपुरे दोन, पेटी एक, तबल्याच्या बॅगा दोन, पखवाज, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), स्टँडची लांब पिशवी, टाळ-झांजा-खुळखुळे भरलेली साइड रिदमची पत्र्याची ट्रंक, आमच्या स्वतःच्या मायक्रोफोनची पेटी आणि केबलची बॅग. दोन्ही ठिकाणी साऊंड आयोजकांचा होता, त्यामुळे स्पीकर आणि मिक्सर न्यायचे नव्हते. कपड्यांच्या नऊ बॅगा वेगळ्या.

दोन तानपुऱ्यांपैकी बुवांचा मोठा, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून लावायचा. ताईंचा लहान, काळी चारचा. ताईंचा तानपुरा त्यांना त्यांच्या गुरूंनी दिलेला, मिरजेत बनलेला, चाळीस वर्षांहून जुना. पुढचं सगळं याच तानपुऱ्याबद्दल आहे.

तानपुरा कुठे दुखावतो

ज्यांनी तानपुरा कधी वाहून नेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, नाहीतर आमचे निर्णय समजणार नाहीत.

मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि २०२४ मध्ये तिथल्या सतार व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचा, लाकूड बहुतेक वेळा तुणीचं. भोपळा म्हणजे खरोखरीच वाळवलेलं फळ. त्याचं कवच सारखा पसरलेला दाब सहन करतं, पण एका जागी बसलेला टोला सहन करत नाही. आणि त्याहून नाजूक जागा म्हणजे गळा, जिथे भोपळा आणि दांडी एकत्र येतात. तिथे सांधा असतो आणि तो सरसाने चिकटवलेला असतो. दांडी लांब आहे. तिच्या मध्यावर किंवा वरच्या टोकाला आडवा दाब आला की तो पहारीसारखा सगळा गळ्यावर येतो. वर हलकंसं रेटलं तरी खाली सांध्यावर ताकद लागते. त्यात चार तारांचा ताण दांडीला आधीच पुढे ओढत असतो.

म्हणून आमच्याकडे दोन नियम होते. तानपुरा प्रवासात आडवा ठेवायचा, खाली गोधडी घालून, आणि त्याच्यावर किंवा त्याच्याकडे सरकू शकेल असं काहीही ठेवायचं नाही. आणि निघण्याआधी चारही तारा सारख्याच, एक-दोन सूर उतरवायच्या. पूर्ण सैल मात्र करायच्या नाहीत, कारण ताईंच्या तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, चिकटवलेली नाही. ती तारांच्या ताणावर उभी असते. तार पार सुटली की घोडी सरकते आणि मग जव्हारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा नाद, पुन्हा जमवण्यात तास जातो.

त्या रात्री हे दोन्ही नियम मोडले गेले. दोन्ही मला पाठ होते.

पहिला निर्णय : पुण्यात, सकाळी ८

मी सतरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली होती. मागच्या दोन रांगा वाद्यांसाठी मोकळ्या. सकाळी दारात आली ती बारा आसनांची. ठरलेली गाडी आदल्या संध्याकाळी बंद पडली होती आणि दिवाळीत दुसरी मोठी गाडी मिळत नव्हती, असं गाडीमालकाने सांगितलं. त्यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं.

नऊ माणसं बसली की मागचा एक बाक उरत होता. बाकीचं टपावरच्या कॅरिअरवर, ताडपत्रीखाली. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. मोठ्या गाडीसाठी आणखी फोन करायचे, त्यात दोन तास जाणार आणि कोल्हापूरची साऊंड टेस्ट बुडणार. दुसरी लहान गाडी सोबत घ्यायची, दोन दिवसांचे सुमारे ११,००० रुपये जास्त. किंवा आहे त्या गाडीत बसवायचं.

मी बसवलं. मानधनातून ११,००० गेले असते तर साथीदारांच्या हातात कमी पडलं असतं, आणि दिवाळीत ते मला नको होतं. हा विचार आजही मला चुकीचा वाटत नाही. चूक एवढीच की मी तो एकटीने केला. बुवांना, ताईंना विचारलं असतं तर ताई पहिल्यांदा म्हणाल्या असत्या, "माझ्यातले कापून घे, पण गाडी घे." हे त्यांनी नंतर मला बोलूनही दाखवलं.

जाताना सगळं नीट गेलं. मागच्या बाकावर गोधडी, तिच्यावर दोन्ही तानपुरे गवसणीत आडवे, एकाचा भोपळा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे, आणि ओढणीने बाकाला सैलसर बांधलेले. तारा उतरवलेल्या. ट्रंक, स्टँड आणि कपड्यांच्या बॅगा टपावर. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड दोन आसनांच्या मधल्या वाटेत उभे. त्यांना ओलांडून जावं लागत होतं, पण महामार्ग गुळगुळीत होता आणि साडेबाराला आम्ही कोल्हापुरात होतो. नीट गेलं म्हणूनच पुढचा धोका मला दिसला नाही.

कोल्हापूर : सत्कार, पाऊस आणि बांधाबांध

कार्यक्रमाची वेळ साडेसहा. आधी दीपप्रज्वलन, मग देणगीदारांचे सत्कार, मग दोन मनोगतं. आम्ही गायला बसलो तेव्हा ७ वाजून १० मिनिटं झाली होती. श्रोते अप्रतिम होते, प्रत्येक पदाला दाद देत होते, फर्माइशी येत होत्या. चाळीस मिनिटं उशीर झालाय, तर एक अभंग गाळूया, असं मी मध्यंतरात सुचवायला हवं होतं. सुचवलं नाही. भैरवी संपली तेव्हा सव्वादहा झाले होते. आयोजकांचं जेवण तयार होतं. नाही म्हणणं शक्य नव्हतं आणि भूकही लागली होती.

आम्ही जेवत असताना पाऊस सुरू झाला. परतीचा, पण चांगला दणकून. गाडी सभागृहाच्या मागच्या दारात होती आणि टपावर आधीच पाणी साचलं होतं.

इथे या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय झाला, आणि तो अर्ध्या मिनिटात झाला. मंडळाची चार-पाच उत्साही मुलं सामान उचलायला पुढे आली. त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, कपड्यांच्या बॅगा वर टाकू का आत?" माझ्या डोळ्यासमोर ताईंची पहाटेची पैठणी आली, बुवांचा रेशमी कुर्ता आला. मी म्हटलं, "आत टाका, भिजायला नकोत."

मुलांनी सांगितलं तसंच केलं. नऊ बॅगा मागच्या बाकावर रचल्या. वर जागा उरली म्हणून साइड रिदमची ट्रंकही तिथेच, बॅगांच्या डोक्यावर ठेवली. आत बॅगा आल्यामुळे मधली वाट माणसांना हवी होती, म्हणून कीबोर्ड टपावर गेला. बुवांचा तानपुरा बुवांनी स्वतः पुढे ड्रायव्हरच्या मागे आडवा घेतला. ताईंचा तानपुरा मागच्या बाकाच्या पुढ्यात, दोन रांगांमधल्या फटीत उभा राहिला. भोपळा खाली, दांडी पुढच्या आसनाच्या पाठीला टेकलेली. त्याच्या मागे, कमरेच्या उंचीवर, बॅगांच्या ढिगाऱ्यावर पत्र्याची ट्रंक.

तो तिथे कुणी ठेवला ते मला माहीत नाही. मुलांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मदत केली होती, आणि तानपुरा कसा ठेवायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा आयोजकांशी हिशेब करत होते. नग मोजले, बारा भरले, दार लावलं. मोजणी बरोबर होती, पण कुठला नग कुठे आणि कसा आहे हे मी पाहिलंच नाही.

तारांचंही तसंच. पाच तासांनी पुन्हा जुळवायच्याच आहेत, उतरवून वेळ कशाला घालवायचा, असं म्हणून मी त्या चढ्याच राहू दिल्या.

पावणेबाराला निघालो. आंबा गाव येईपर्यंत निम्मी गाडी झोपली होती, मीही. घाट उतरताना ड्रायव्हरदादा सावकाशच चालवत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उतारावर प्रत्येक वळणाला ब्रेक लागतो आणि प्रत्येक ब्रेकला गाडीतलं सगळं सामान पुढे येतं. साखरप्यापर्यंत किती वेळा ब्रेक लागला असेल? ट्रंक दर वेळी बोटभर सरकली असणार. शेवटी ती दांडीच्या मध्यावर येऊन टेकली आणि उरलेला रस्ता तिथेच दाबून बसली.

पहाटे ४ : काय बिघडलंय ते कळेपर्यंत

रस्त्याची कामं चालू असल्याने आम्ही चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो. कार्यक्रम उघड्या पटांगणात, वर मांडव. हवा इतकी दमट की चष्म्यावर वाफ धरत होती.

सामान काढताना ट्रंक कुठे आहे ते पाहिलं आणि पोटात गोळा आला. पण गवसणी काढली तर तानपुरा धड दिसत होता. भोपळ्याला तडा नाही, दांडी सरळ. जीव भांड्यात पडला. जुळवायला बसले. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, लावली, खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, लावला, पुन्हा जोडीकडे आले तर ती उतरलेली. पुन्हा चढवली, मिनिटभरात पुन्हा खाली.

कोकणात तानपुरा जुळवणारा कुणीही पहिल्यांदा खुंटीवर संशय घेईल. दमट हवेत खुंट्या फुगतात, कधी अडकतात, कधी घसरतात. मीही तेच केलं. खुंट्या काढून खडू लावला, पुन्हा बसवल्या. वीस मिनिटं त्यात गेली. चारही तारा एकाच वेळी, एकाच प्रमाणात उतरत होत्या. चार खुंट्या एकदम सारख्याच कशा घसरतील? हा प्रश्न मला सुरुवातीलाच पडायला हवा होता, पण रात्रभराच्या प्रवासानंतर डोकं चालत नव्हतं.

तो प्रश्न पखवाजवाल्या दादांना पडला. त्यांनी मोबाईलचा टॉर्च गळ्याजवळ धरला आणि म्हणाले, "वहिनी, इथे बघा." सांध्याच्या मागच्या बाजूला केसासारखी बारीक रेघ होती. तार चढवली की ती रेघ किंचित रुंद व्हायची. दांडी पुढे झुकत होती, म्हणून सगळ्या तारा उतरत होत्या.

चार वाजून पस्तीस मिनिटं. ताई शेजारच्या खोलीत आवाज लावत होत्या. सुरुवात ललत या पहाटेच्या रागाने व्हायची होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तसाच वापरायचा. दर दोन मिनिटांनी जुळवत बसायचं. हा कुणालाच पटला नाही. ताण राहिला तर रेघेचं खिंडार व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा पर्याय मंडळाच्या एका कार्यकर्त्याने प्रेमाने पुढे केला. मिनिटात चिकटणारा गोंद त्यांच्या गाडीत होता. खरं सांगते, मला मोह झाला. पेटीवाल्या काकांनी हात आडवा केला. लाकडात तो गोंद मुरला की पुढे सरस धरत नाही, कारागिराला लाकूड तासावं लागतं, असं ते म्हणाले.

तिसरा बुवांनी सुचवला आणि तो संगीताच्या दृष्टीने सगळ्यात विचार करण्याजोगा होता. त्यांचा तानपुरा काळी एकचा. काळी एकचा पंचम (प) म्हणजे काळी चार, म्हणजेच ताईंचा षड्ज (सा). आणि बुवांचा षड्ज हा ताईंचा मध्यम (म). ललतमध्ये पंचम नाहीच, मध्यमाला मोठं स्थान, तानपुराही मध्यमावर लावतात. "माझा आहे तसाच घे की," बुवा म्हणाले. ताईंनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. जोडीच्या दोन तारा आणि खर्ज, तिन्ही त्यांच्या मध्यमावर, षड्ज फक्त एका तारेत. "सगळं मध्यमाकडे झुकतंय. माझा सा मला शोधत बसावा लागेल." तानपुरा हा गाणाऱ्याचा आधार आहे. गाणारीला तो आधार वाटत नसेल तर हिशेब बरोबर असूनही उपयोग नाही.

चौथा, फक्त इलेक्ट्रॉनिक तानपुरा. तो माझ्या खांद्याच्या पिशवीत कायम असतो. चालला असता. पण ताई तीस वर्षं खऱ्या तानपुऱ्यासोबत गायल्या आहेत.

पाचवा, गावात कुणाकडे तरी तानपुरा मिळतो का बघणं. पहाटे पावणेपाचला फोन करणं एरवी अशक्य. पण ती नरक चतुर्दशीची पहाट होती. अभ्यंगस्नानासाठी अख्खं गाव जागं होतं.

प्रत्यक्ष काय केलं

आधी ताईंच्या तानपुऱ्याच्या चारही तारा सैल केल्या, घोडी काढून रुमालात गुंडाळली आणि तानपुरा गोधडीवर आडवा झोपवला. त्या खोलीला कुलूप लावून किल्ली पखवाजवाल्या दादांकडे दिली. हे सगळं ताईंच्या समोर केलं. त्यांना कार्यक्रमानंतर सांगावं, असं एकाचं मत होतं. मला ते पटलं नाही. तानपुरा त्यांचा आहे आणि त्यांना तो स्टेजवर दिसला नसता तर त्यांना कळलंच असतं. त्या काही बोलल्या नाहीत. भोपळ्यावर हात ठेवून थोडा वेळ बसल्या आणि मग उठून आवाज लावायला गेल्या.

दरम्यान आयोजकांनी गावातल्या एका निवृत्त संगीत शिक्षिकेला फोन लावला. "बाई, एक अडचण आहे..." एवढंच आम्हाला ऐकू आलं. पाच वाजून वीस मिनिटांनी बाई रिक्षातून उतरल्या, अंगाला उटण्याचा वास, मांडीवर गोधडीत गुंडाळलेला लहान तानपुरा. रिक्षा त्यांनी सगळा रस्ता सावकाश चालवायला लावली होती.

तानपुरा चांगला होता, पण बरेच महिने वाजलेला नव्हता. तारा जुन्या, जव्हारी बंद झालेली. साडेपाचच्या आत तो बोलता होणार नव्हता. इथे घाई करून तसाच स्टेजवर नेण्याचा आग्रह झाला, कारण "तानपुरा दिसला तरी पाहिजे". मी नाही म्हटलं. या प्रकरणात माझा जो एक निर्णय बरोबर आला तो हा. न जुळलेला तानपुरा नुसता दिसण्यासाठी गाणाऱ्याच्या कानामागे ठेवणं, हा तिच्यावर अन्याय आहे.

म्हणून असं ठरलं : ललत आणि पहिले दोन अभंग इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर, मध्यमावर लावून, तो मुख्यतः ताईंच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्यांना स्वतःला ऐकू येणाऱ्या स्पीकरमध्ये, आणि श्रोत्यांकडे अगदी हलका. तेवढ्या पाऊण तासात पेटीवाल्या काकांच्या मदतनिसाने आणि बाईंनी मागच्या खोलीत तारा बदलायच्या आणि घोडीवरचे दोरे सरकवून जव्हारी उघडायची. मध्यंतराऐवजी निवेदनाच्या वेळात तो स्टेजवर आणायचा.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ललत सुरू झाला. साडेसहानंतर, मांडवाच्या कडेने उजाडायला लागलं होतं, तेव्हा तानपुरा आला. तो धरून बसायला मी पुढे झाले तर बाई म्हणाल्या, "मी बसू का? हा माझ्याच हाताला ऐकतो." त्या शेवटच्या भैरवीपर्यंत बसल्या.

तबल्याला काही का झालं नाही

हे इथे लिहायलाच हवं, कारण तोच रस्ता, तीच गाडी, तोच पाऊस, आणि तबल्याचं चामडं तर लाकडापेक्षा दमट हवेला जास्त हळवं.

आमचे तबलावादक मूळचे कोकणातले. त्यांच्या दोन्ही बॅगा दोन्ही वेळा त्यांच्या पायाशी होत्या. कोल्हापुरात पोरं उचलायला आली तेव्हा ते म्हणाले, "बाळांनो, बाकी सगळं न्या, हे माझं मी आणतो." पाली आल्यावर त्यांनी ड्रायव्हरदादांना एसी बंद करून खिडक्या उघडायला सांगितलं. तेव्हा आम्ही झोपेत कुरकुरलो. एसीत गार झालेलं चामडं एकदम दमट हवेत उघडलं तर त्यावर पाण्याचा अंश बसतो आणि तबला उतरतो, म्हणून बॅगा आधी बाहेरच्या हवेला येऊ द्यायच्या असतात. पोचल्यावरही अर्धा तास त्यांनी बॅगा उघडल्या नाहीत. मग गठ्ठ्यांवर दोन-चार ठोके देऊन काळी चार लावला, वर टॉवेल टाकला. कार्यक्रमात दव पडायला लागलं तसा प्रत्येक गाण्याआधी एक हलका ठोका. एवढंच.

तबला त्यांचा होता आणि त्याची चिंता करणारा माणूस ठरलेला होता. ताईंचा तानपुरा गाडीत चढताना कुणाचाच नव्हता. ताई आयोजकांच्या घरच्यांशी बोलत होत्या, मी हिशेबात होते, आणि मुलांसाठी ती बारा नगांपैकी एक लांब पिशवी होती.

निष्पत्ती

श्रोत्यांना काही जाणवलं नाही. कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला, एवढंच आयोजकांच्या लक्षात राहिलं. कीबोर्डच्या बॅगेत ताडपत्रीच्या कडेने पाणी गेलं होतं. कीबोर्ड वाचला, अडॅप्टर गेला, दुसरा ऑक्टोपॅडचा आहे का बघावं तर तो जुळणारा नव्हता. सुदैवाने साऊंडवाल्यांकडे मिळाला. कपड्यांच्या बॅगा कोरड्या होत्या. ताईंनी पैठणी नेसली होती.

भाऊबीज झाल्यावर मी तानपुरा घेऊन रेल्वेने मिरजेला गेले. कारागिरांनी गळ्याची रेघ पाहिली, नखाने हलकं दाबून बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "काही लावलं नाहीत ना यात?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैलावला. सांधा पूर्ण उकलून, जुना सरस साफ करून पुन्हा बसवावा लागला. तीन आठवडे आणि साडेसात हजार रुपये लागले. तारा लगेच सैल केल्या नसत्या तर दांडीच्या बुडाचं लाकूडच फाटलं असतं, असं ते म्हणाले. तानपुरा परत आला तेव्हा जव्हारीचा नाद थोडा वेगळा वाटतो, असं ताई म्हणाल्या. सहा महिन्यांनी म्हणाल्या, आता पूर्वीसारखा वाटतो. तानपुरा बदलला की त्यांचा कान, हे मी विचारलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अकरा हजार वाचवण्याचा निर्णय मी आजही एकदम चूक म्हणणार नाही. लहान गाडीतही तानपुरा सुखरूप कोल्हापूरला गेलाच होता. पण ती गाडी चालायची तर कोल्हापुरातून निघताना तीच मांडणी, तोच क्रम, तसाच हवा होता, आणि त्यासाठी कुणीतरी दारात उभं राहायला हवं होतं. मी हिशेब दुसऱ्या दिवशी फोनवर करू शकले असते.

पावसाच्या वेळचा प्रश्न मला पुन्हा पुन्हा आठवतो. वर काय आणि आत काय? पैठणी भिजली असती तर ताई साध्या साडीत गायल्या असत्या. कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून वर टाकता आले असते. सभागृहात कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्यांची गुंडाळी होती, मी ती हात पुसताना पाहिली होती.

सत्कारांच्या वेळेबद्दल आता आम्ही करारात लिहितो. पुढे प्रवास असेल तर कार्यक्रम ठरल्या वेळेला संपेल आणि आधीचा उशीर आमच्या गाण्यातून वजा होईल. दोन आयोजक यावर नाराज झाले, एकाने कार्यक्रम दिला नाही.

बांधाबांधीची पद्धत आम्ही बदलली. प्रत्येक नगाला एका माणसाचं नाव आहे आणि चढवताना-उतरवताना तोच हात लावतो. ताईंच्या तानपुऱ्यावर माझं नाव आहे. पुण्यातून निघताना भरलेल्या गाडीचा मागच्या दारातून फोटो काढतो आणि परतताना तो फोटो बघून भरतो. मदतीला आलेल्या मुलांना आम्ही नाही म्हणत नाही. ती स्टँड, केबल, ट्रंक आणि कपडे नेतात. ट्रंक कायम जमिनीवर, मागच्या दाराला चिकटून.

फायबरच्या कडक केसवर अजून एकमत नाही. बुवांनी घेतली. ती मोठी आहे, जड आहे आणि लहान गाडीत आडवी बसत नाही, पण तिच्यावर ट्रंक पडली तरी चालेल. ताईंना ती नको आहे. केसमध्ये घातला की लोक तो निष्काळजीपणे हाताळतात, गवसणीत असला की हात आपोआप हळू होतो, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजू पटतात. घाटाच्या रस्त्याला मात्र मी केसच्या बाजूने आहे आणि हे मी त्यांना सांगितलं आहे.

पुढच्या दिवाळीची बोलणी चालू आहेत. रत्नागिरीच्या आयोजकांनी पुन्हा बोलावलंय, बाईंनी तानपुऱ्याला नव्या तारा लावून ठेवल्याचा निरोपही आलाय. या वेळी कोल्हापूर आणि रत्नागिरी यांच्यामध्ये आम्ही एक रात्र मोकळी मागितली आहे. त्या मुक्कामाचा खर्च कुणी उचलायचा, ते अजून ठरलेलं नाही.